कुंकू लावलेला ट्रान्झिस्टर

पंगुनी महिना लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरात कुणी साधं "चहा घेणार का" विचारलं तरी मी खेकसते. आई म्हातारी झाली, ऐकू कमी येतं, पण माझा चेहरा तिला बरोबर वाचता येतो. "तुज काय होऊन गेलं गे?" ती विचारते. आमच्या तंजावूरच्या मराठीत अजून 'तुला' नाही, 'तुज' आहे. "काही नाही, प्रॅक्टिकल आलेत," मी म्हणते. "दर वर्षी येतात. परीक्षा पोरींची की तुझी?" असं म्हणून ती आपल्या कामाला लागते. 

पंगुनी म्हणजे फाल्गुन सरून चैत्र लागतानाचा आमचा महिना. भाताची कापणी पोंगलच्या सुमारास उरकलेली असते. त्याच रानातल्या ओलीवर टाकलेला उडीद आता तयार होतो, तो उपटून लोक सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. बस, लॉऱ्या, कॉलेजच्या गाड्या त्याच्यावरून जातात आणि शेंगा कटाकट फुटतात. फुकटची मळणी! दुपारी खिडकीतून तो तापल्या उडदाचा धुरकट, खमंग वास येतो, आणि त्याच वेळी माझ्या लॅबमध्ये तापल्या पॉवर सप्लायचा वास सुटलेला असतो. पोरींच्या वेण्यांतल्या मोगऱ्याचा वास त्यात मिसळतो. या तिन्ही वासांची भेसळ नाकात गेली की मी पुन्हा वीस वर्षांची होते, आणि ते काही सुखाचं नसतं.

मी इथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबची इन्चार्ज आहे. मी शिकले ते कॉलेज हे नव्हे, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण लॅब इथून तिथून सारखीच. तीच लाकडी टेबलं, सर्किट जोडायच्या ब्रेडबोर्डच्या त्याच कडा उडालेल्या पट्ट्या, आणि प्रत्येक मीटरच्या कपाळावर गेल्या नवरात्रातल्या आयुधपूजेला लावलेलं गंध-कुंकू. वर्षभर ते कुणी पुसत नाही. काटा अडकला तर पोरी आधी मीटरवर टिचकी मारतात आणि मग नमस्कार करतात. विज्ञान आणि भक्ती आमच्याकडे एकाच टेबलावर बसतात, त्यांचं भांडण होत नाही.

सहाव्या टेबलावर दर वर्षी तोच प्रयोग असतो: ट्रान्झिस्टरचे एच-पॅरामीटर काढणं. ट्रान्झिस्टर पाहिला नसेल तर सांगते. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पत्र्याची टोपी, आणि खाली तीन पाय. पोटात काय चाललंय ते दिसत नाही, आणि टोपी फोडली तर तो कामातूनच जातो. म्हणून त्याला दोन दारांची बंद पेटी समजायचं. या दारातून काय आत घातलं आणि त्या दारातून काय बाहेर आलं, एवढंच मोजायचं आणि त्यावरून चार आकडे काढायचे. चौघांची जात वेगवेगळी, म्हणून त्यांना हायब्रिड म्हणतात. त्यातल्या एकावर सगळ्यांचा डोळा असतो: एका बाजूने चिमूटभर करंट दिला तर दुसऱ्या बाजूने किती पट येतो. धडधाकट ट्रान्झिस्टर असला तर दीडशे, दोनशे पट येतो.

मोजायची रीत मात्र साधी. एक गोष्ट घट्ट धरून ठेवायची, दुसरी थोडीशी हलवायची, आणि तिसरीत काय फरक पडतो ते बघायचं. मी हे वाक्य वर्षाला निदान शंभरदा बोलते. बोलताना दर वेळी जीभ अडखळते, आणि पोरींना वाटतं मॅडम मराठी असल्यामुळे त्यांना तमिळ नीट येत नाही. येतं गं बायांनो, तुमच्यापेक्षा बरं येतं.

माझ्या शिकण्याच्या दिवसांत वर्गातली सेल्वी पापनाशमहून रोज पॅसेंजरने यायची. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालत, हातात तीन कप्प्यांचा डबा, आणि ओठांवर काहीतरी गुणगुणणं. तिचे अप्पा पापनाशमच्या बसस्टँडजवळ टेलर होते. तिच्या सगळ्या ब्लाऊजांना आतून दुहेरी शिवण असायची, कधी उसवली नाही. हातांचा स्वच्छपणा तिच्यात तिथूनच आला असणार. तिनं जोडलेलं सर्किट बघत राहावं असं असायचं. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला, एकही वायर दुसरीवरून गेलेली नाही. माझं सर्किट म्हणजे कावळ्याचं घरटं. पण पाठांतरात मी पहिली, वर्गातही पहिली, आणि ते पहिलेपण मी कपाळावर मिरवायची.

माझ्या डब्यातलं डांगर तिला फार आवडायचं. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. तंजावूरच्या मराठी घरांत पोळीभातापेक्षा डांगराचं कौतुक जास्त. ती बोटं चाटत म्हणायची, "अडी पावी! आमचा उडीद घेऊन तुम्ही लोक असं काहीतरी करता आणि आम्हाला तीनशे वर्षं सांगत नाही!" 'अडी पावी' म्हणजे 'अगं पापिणी'. लाडानं म्हणायची ती, उठता बसता. नव्या उडदाची पिशवी पंगुनीत तिच्याकडून आमच्या घरी यायची आणि डांगर होऊन तिच्या डब्यात परत जायचं.

शेवटच्या वर्षी तिला नोकरीचं पत्र आलं होतं. होसूरच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासण्याचं काम. अट एकच: सगळे विषय पहिल्याच फटक्यात सुटले पाहिजेत. ते पत्र तिच्या अप्पांनी प्लास्टिकमध्ये घालून दुकानातल्या मुरुगन देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. घरात तिच्या मामाच्या मुलाचं स्थळ तयार होतं, आजी रोज विषय काढायची. अप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "पोरगी पास झाली की होसूरला जाईल. नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसं." माणूस शब्दाचा पक्का होता. म्हणजे तिचं सगळं पुढचं आयुष्य एका महिन्याच्या परीक्षांवर टांगलेलं होतं, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

आता कुंकवाचं सांगते. आमच्या त्या वेळच्या लॅबमधले ट्रान्झिस्टर एका स्टीलच्या डब्यात असायचे, सगळे एकत्र. परीक्षेच्या दिवशी ज्याला जो प्रयोग येईल त्यानं डब्यातून आपला उचलायचा. त्यातले निम्मे वर्षानुवर्षं मार खाल्लेले, आणि तोंडावरून काही कळायचं नाही. उचललेला बदलून मागितला तर पाच मार्क कापायचे. मग मुलींनी आपली एक रीत काढली होती, कुणी सुरू केली देव जाणे. परीक्षेआधी सरावात जो ट्रान्झिस्टर उत्तम निघेल त्याच्या टोपीवर आपल्या कपाळावरचं कुंकू टेकवायचं. केसांतल्या खोबरेल तेलात बोट बुडवून लावलं की ते पत्र्याला घट्ट धरतं. शिक्षकांना वाटायचं गंज आहे. मुलग्यांना वाटायचं आयुधपूजेचं आहे. फक्त आम्हा मुलींना ठाऊक होतं की ठिपका म्हणजे 'हा चांगला, डोळे मिटून घे'.

आदल्या दिवशी सकाळी मी आणि सेल्वीनं मिळून एक निवडला. एकशे नव्वद पट आला त्याचा. ठिपका मी लावला, माझ्या कपाळावरचा. "आपल्या दोघींपैकी जिला एच-पॅरामीटर येईल तिचा हा," मी म्हणाले. ती हसली. "दोघींना नाही आला तर?" "मग ज्या कुणाला येईल तिचं भलं होवो." किती उदार होते मी, बघा. चार वाजता ती पॅसेंजर गाठायला पळाली. मी मागे राहिले, कारण मला तो प्रयोग अजून एकदा करून बघायचा होता. पहिल्या नंबरवालीला चैन कुठली?

ट्रान्झिस्टरच्या एका पायाला बेस म्हणतात, त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स लावायचा असतो. तो असतो म्हणून करंट बेतानं जातो. मी तो लावायला विसरले. पहिल्या वर्षाची पोरगी करणार नाही अशी चूक. सप्लायचा नॉब फिरवला, मीटरचा काटा थाडकन टोकाला जाऊन आपटला, आणि मी घाईनं ट्रान्झिस्टर उपटला तर बोटाच्या पेराला चटका बसला. बारीकसा गोल चटका. पिच्चै अण्णा, लॅबचे अटेंडंट, दाराशी किल्ल्या वाजवत होते, "चला मा, बंद करतो." कपाटावर लाल रेघांचं एक मोडतोडीचं रजिस्टर लटकायचं. जळलेल्या पार्टची त्यात नावासकट नोंद करायची, आणि सोमवारी सर ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे. माझं नाव त्यात तीन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मी रजिस्टरकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि तो ट्रान्झिस्टर डब्यात टाकून झाकण लावलं, ठिपक्यासकट.

घरी जाताना राजवाड्याच्या कोपऱ्यावर बसमधून उतरले तेव्हा मला ठिपका आठवला. हे मी अगदी स्वच्छ लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला 'त्या वेळी आठवलंच नव्हतं' असं सांगत आले. आठवलं होतं. सकाळी लवकर जाऊन पुसून टाकू असं ठरवलं. सकाळी गेले तर लॅबला कुलूप, आणि परीक्षकांबरोबरच ते उघडलं. मग म्हटलं, आठ प्रयोगांच्या आठ चिठ्ठ्या असतात, नेमका तोच तिला कसा येईल?

चिठ्ठ्या एका स्टीलच्या टम्बलरमध्ये होत्या. मला झेनर डायोडचा प्रयोग आला, पंचवीस मिनिटांचं काम. सेल्वीनं चिठ्ठी उघडली, माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला, आणि डब्याकडे गेली. तिची बोटं डब्यात फिरताना मला ऐकू येत होती. तिनं ठिपकेवाला उचलला, ओठांना लावला, आणि टेबलाशी बसली. मी तिच्या शेजारच्याच टेबलावर होते, हात लांब केला असता तर पोचला असता.

उभी राहून म्हणायचं होतं, "सर, तो जळलेला आहे, मी जाळला." एवढंच. मी माझ्या डायोडच्या वायरी जोडायला घेतल्या.

पुढचे तीन तास मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. तिनं सर्किट जोडलं, सुरेख, नेहमीसारखं. रीडिंग घेतलं, थबकली. सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढल्या, प्रत्येक वायर आपल्या दावणीला, म्हणजे अर्ध्या साडीच्या पदराला, पुसून पुसून लावली. मीटर बदलून बघितलं. ट्रान्झिस्टरवर तिला एकदाही संशय आला नाही. कसा येणार? त्याच्यावर माझं कुंकू होतं. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ज्या भुईला ती धोपटत होती ती ती स्वतःच होती.

परीक्षक आले, गणित बघितलं. "अठरा? अठराच पट?" ते हसले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "कनेक्शन चुकलंय, मा. तीन वर्षं शिकून एवढं जोडता येत नाही?" सेल्वी म्हणाली, "सर, मीटरनं जे दाखवलं तेच लिहिलंय." तिच्या जागी दुसरी कुणीही असती तर अठरावर एक शून्य चढवून मोकळी झाली असती. एकशे ऐंशी लिहिलं असतं तर सुटली असती, कुणी मोजून बघत नाही. तिच्याकडून ते झालं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "जयंती, इतका चांगला ट्रान्झिस्टर होता गं. माझाच हात चुकला कुठेतरी." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताच्या पेरावर चटक्याचा फोड होता. करून सवरून नामानिराळी म्हणतात ती मी.

निकाल लागला वैकासीत, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात. मी पहिली आले. ती एका प्रॅक्टिकलमध्ये गेली, बाकी सगळ्यात पास. अप्पांनी फोटोमागचं पत्र काढलं, आणि आवणीत, श्रावण सरता सरता, तिचं लग्न झालं. लग्नाला मी गेले होते. चांदीचा कुंकवाचा करंडा दिला. हो, करंडाच. दुकानात उभी असताना मला त्यातलं काही कळलं नाही, आणि घरी येऊन कळलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. नोव्हेंबरमध्ये ते प्रॅक्टिकल पुन्हा देता आलं असतं. तिनं दिलं नाही. एका प्रयोगापायी तिची डिग्री राहिली ती राहिलीच.

मग वर्षं गेली. माझं लग्न, नवऱ्याची बदली, पुण्यात सहा वर्षं. तिथे मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी देवनागरी वाचायला शिकले. आमच्या तंजावूरच्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण वाचता कुणाला येतं? शेजारणी हसायच्या, "तुमचं मराठी म्हणजे अगदी जुन्या बखरीतलं!" मी म्हणायची, "जुनं तर जुनं, टिकलंय ना!" तिथे असताना पंगुनी आला-गेला कळायचा नाही. उडदाचा वास नाही, काही नाही. परत तंजावूरला आले, लॅब हातात आली, आणि पहिल्याच पंगुनीत तो वास खिडकीतून आत आला.

तेव्हापासून परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दार लावून बसते आणि डब्यातला एकेक ट्रान्झिस्टर तपासते. स्पिरिटचा बोळा घेऊन प्रत्येकाची टोपी पुसते. पोरी माझ्यामागे मला 'स्पिरिट मॅडम' म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू देत. कुंकवाची रीत आता त्यांच्यात राहिली नाही, पण मी पुसते.

आणि गेली कित्येक वर्षं मी स्वतःला एक सबब सांगत आलेय. शास्त्रीय सबब आहे, हसू नका. मी म्हणते, ठिपका पुसला असता तर काय झालं असतं हे कळायला बाकी सगळं घट्ट धरून ठेवता आलं पाहिजे. तिची आजी, मामाचा मुलगा, होसूरचा कारखाना, तिचा स्वभाव, सगळं जागच्या जागी ठेवून फक्त तो ठिपका हलवून बघायचा. आयुष्यात तसं जमत नाही, मग फरक काढणार कसा? होसूरला जाऊनही ती दोन वर्षांनी परत आली असती, लग्न झालंच असतं. छान सबब आहे. फक्त ती सांगताना मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही.

कुंभकोणमची बस पापनाशमला थांबते. सेल्वी आता अप्पांचंच दुकान चालवते, ब्लाऊज शिवते, पाटीवर तिचं नाव आहे. खिडकीतून पाटी दिसते. आजवर मी त्या बसने कितीदा गेले असेन, आणि कितीदा तरी त्या थांब्यावर वाकून पायातली चप्पल नीट केली असेल.

या वर्षी सहाव्या टेबलावर एक मुलगी होती. ओरत्तनाडूची, पहिल्या बाकावर बसणारी, अक्षर मोत्यासारखं. तिचा आकडा आला बावीस. तिनं वायरी काढल्या आणि पुन्हा जोडल्या. पुन्हा काढल्या. मी लांबून बघत होते. परीक्षक आले, म्हणाले, "कनेक्शन चुकलंय." ती मुलगी उभी राहून म्हणाली, "हो सर, माझंच काहीतरी चुकलं."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की सगळी लॅब वळून बघायला लागली. मी टेबलाशी गेले, वायरी तशाच ठेवल्या, एकीलाही हात लावला नाही, फक्त ट्रान्झिस्टर बदलला. एकशे पंच्याहत्तर. आधीचासुद्धा आदल्या दिवशी माझ्या हातून तपासून गेलेला होता, पण पार्ट आहे, मध्येच दगा देतो. परीक्षक म्हणाले, "अहो मॅडम, एवढं काय त्यात?" ती मुलगी रडत होती आणि मला थँक्यू म्हणत होती, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. दहा सेकंदांचं काम होतं, त्या दिवशीसुद्धा दहाच सेकंदांचं होतं.

त्या संध्याकाळी मी हे लिहायला बसले. मराठीत लिहिलं. का, ते माझं मला ठाऊक आहे. कॉलेजात हे कुणाला वाचता येत नाही, आईला येत नाही, गल्लीत कुणाला येत नाही, आणि सेल्वीला तर नाहीच. चोराच्या मनात चांदणं. कबुली दिल्याचं समाधान, आणि ऐकणारं कुणी नाही! इथवर लिहून मी वाचून पाहिलं आणि वही भिंतीवर फेकली. आई दचकून म्हणाली, "कां गे, झुरळ कां?" मी म्हटलं, "होय आई, झुरळच."

रविवारी डांगराचा डबा घेऊन पापनाशमला उतरले.

दुकान तेच, मुरुगनचा फोटो तोच, फक्त शेजारी अप्पांचा फोटो आला होता, हार घातलेला. सेल्वीच्या केसांत पांढरं दिसू लागलंय. मला बघून ती मशीनवरून उठली, "जयंती! वाट चुकलीस?" स्टूल पुसून दिलं. पंखा बंद होता. म्हणाली, "उकडतंय ना? आठवडा झाला. वायर सुटलीय नुसती, पण इलेक्ट्रिशियनला वेळ नाही. मी हात लावत नाही बाई अशा कामाला. तुला माहीतच आहे माझा हात." आणि हसली.

ते हसणं ऐकलं आणि मी ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरले. डबा मांडीवर ठेवून मी एका दमात सांगून टाकलं. रेझिस्टन्स, चटका, पिच्चै अण्णांच्या किल्ल्या, रजिस्टर. बसमधून उतरताना ठिपका आठवला होता, हेही. टम्बलर, मिचकावलेला डोळा, माझं न उघडलेलं तोंड. मला वाटलं ती 'अडी पावी' म्हणेल. या वेळी खरी म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होते, म्हणाली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

ती तसं म्हणाली नाही. हातातल्या ब्लाऊजच्या बाहीवरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग विचारलं, "अठरा आला होता मला. आठवतं तुला?"

"आठवतं."

"तू जाळलेल्या ट्रान्झिस्टरचा किती यायला हवा होता?"

"तेवढाच. जळलेल्याचा तेवढाच येतो. दहा, पंधरा, अठरा."

"म्हणजे माझं माप बरोबर होतं."

"बरोबर होतं, सेल्वी. त्या लॅबमध्ये त्या दिवशी खरं माप फक्त तुझंच होतं."

तिनं अप्पांच्या फोटोकडे पाहिलं. "मागच्या ऐप्पसीत, दिवाळीच्या महिन्यात गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या पोरीचा हात शिलाईचा, वायरचा नाही, मीच उगाच हट्ट केला. हे त्यांना सांगायचं होतंस, जयंती. मला नाही."

मी माफी मागितली.  डांगराचा डबा मी पुढे केला, तो तिनं घेतला आणि न उघडता मशीनच्या कडेला ठेवला. मला वाटलं आता उठावं. मी उठले.

"बस," ती म्हणाली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका कोरडा होता. "माझी पोरगी बारावीत आहे. तिला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, आपल्या घरात कुणाचा हात त्याला चालत नाही, माझंच बघ." मग मागच्या पडद्याकडे वळून तिनं मुलीला हाक मारली. मुलगी बाहेर आली, वहीत बोट तसंच ठेवून, दारात उभी राहिली. दिसायला थेट सेल्वी.

"ही जयंती मावशी," सेल्वी तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आता हिला सांग. पहिल्यापासून सांग. आणि आकडा गाळू नकोस."

बाहेर रस्त्यावर पसरलेल्या उडदावरून एक बस गेली, शेंगा तडतडल्या. मी घसा साफ केला, आणि त्या मुलीला म्हणाले, "तुझ्या आईचं माप बरोबर होतं."